देवकाबाई छाप

गावातल्या जुन्या बिडी कारखान्याच्या मोठ्या सेठानं धमकावलं, "मनिरामच्या नव्या बिडी कारखान्यात जी बाई जाईन, तिले माह्या दारात जागा नाई." साऱ्या बाया भेल्या. एकटी देवकाबाई बिड्या बांधायचं सूप घेऊन आली अन् तिच्यामागं बाकीच्या. मनिराम हे उपकार विसरला नाई. धंदा चालला तसा त्यानं तिचा जत्रेतला फोटो नागपूरले लेबलावर छापवला अन् 'देवकाबाई छाप' म्हनून बिडीच्या दर कट्ट्यावर, बंडलावर चिकटवला. मंग पेढे घेऊन तिच्या घरी गेला. बाई ओट्यावर होती, समोर बाजारातून येचून आनलेली लेबलं. "मावशी, गावोगावी तुह्यं नाव झालं ना!" बाईनं एक लेबल त्याच्यापुढं धरलं. मधोमध फाटलेलं, पानाच्या थुंकीनं लाल. "कट्टा फोडाले मानूस पयले माह्यंच तोंड फाडते. मले विचारलं काऊन नाई, बापू?" मनिरामनं पेढ्याचा पुडा ओट्यावर ठेवला. सकाळीच त्याच लेबलाच्या अठ्ठावीस पेट्या रायपूरच्या गाडीत चढल्या होत्या.