रुतलेली चाकं

लेकीच्या ऑपरेशनसाठी हरिदास दीड महिना पुण्याला होता. जाताना त्यानं भाजीचा तीनचाकी टेम्पो गावातल्या गल्लीत दारासमोर लावला, ताडपत्री बांधली, हँडब्रेक ओढला. परत आला तेव्हा गल्लीत नवा सिमेंटचा रस्ता झाला होता आणि टेम्पोची तिन्ही चाकं त्यात चार बोटं रुतून बसली होती. त्यानं ठेकेदाराच्या मुकादमाला गाठलं. "अहो, गाडी दिसली न्हाय व्हय?" "दिसली की. पण मालक कुटं दिसला? मार्चच्या आत काम संपवायचं होतं." "गाडीमागं माझा नंबर लिहिलाय की!" "सिमेंट कालवल्यावर नंबर कोण वाचतंय?" हरिदासनं छिन्नी आणली. पहिलाच घाव बसला तसा मुकादम ओरडला, "रस्ता सरकारी हाय. फोडला तर केस होईल!" हरिदास चरफडत सीटवर बसला. चावी फिरवली. टेम्पो एका झटक्यात सुरू झाला आणि जागच्या जागी थरथरत राहिला.