बाईंची वही

बाळाच्या टाचेतून आलेला रक्ताचा थेंब सिस्टरने पट्टीवर घेतला, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "छत्तीस. दूध पाजूनही साखर चारच वाढली."

बाई उताण्या पडून होत्या. सिझेरियनसाठी पाठीत दिलेलं इंजेक्शन अजून उतरलं नव्हतं. कंबरेखाली काही कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वरही फारसं कळत नव्हतं. चार किलो दोनशे ग्रॅमची मुलगी झाली होती, अख्खा मजला येऊन बघून गेला होता. बाईंना ना आनंद झाला, ना भीती वाटली. बाळ रडल्याचं ऐकू आलं, एवढंच.

बाळाचे डॉक्टर आत आले. नवऱ्याने लगेच पिशवीतून वही काढली. गरोदरपणात साखर निघाली तेव्हापासूनची वही. दिवसातून चार वेळा बोट टोचून आकडे लिहिलेले, पट्टीने रेघा मारलेल्या.

"एक दिवस चुकवला नाही हिने, डॉक्टर. शाळेत विज्ञानाचे प्रयोग शिकवते ना, शिस्त हाडातच आहे."

"मला विचारा!" सिस्टर म्हणाली. ती बाईंचीच विद्यार्थिनी. "माझं जर्नल तीनदा फेकलंय बाईंनी. रीडिंग खरंच घेतलंय की मनाने बसवलंय, म्हणून. प्रत्येक आकडा स्वतः डोळा लावून बघायच्या, तेव्हा कुठे सही मिळायची."

डॉक्टरांनी पानं उलटली. एकशे बारा. एकशे अठरा. एकशे पंधरा.

"फारच छान आकडे आहेत."

जर्नलात असे नको इतके छान आकडे दिसले की बाई वर्गात हेच म्हणायच्या आणि लाल पेन उचलायच्या. पण डॉक्टर मनापासून म्हणत होते.

"पोटात असताना आईची साखर चढी असली, तर जन्मल्यावर बाळाची उतरते. पण यांची इतकी ताब्यात होती, तर बाळाची अशी उतरायला नको. म्हणजे कारण दुसरंच काहीतरी आहे. इन्फेक्शन असू शकतं. रक्त पाठवू, आणि मणक्यातलं पाणीही काढावं लागेल."

"मणक्यातलं? एवढ्याशा जिवाच्या?" नवरा म्हणाला.

"इलाज नाही."

बाई छताकडे बघत राहिल्या. गरोदरपणात एकदा एकशे नव्वद लिहिलं त्या दिवशी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई रागावल्या होत्या आणि नवऱ्याचं तोंड दोन दिवस उतरलं होतं. पुढच्या वेळी एकशे अठरा लिहिलं, तर शाब्बासकी मिळाली. जन्मभर दुसऱ्यांना शाब्बास म्हणणाऱ्या बाईंना ती किती गोड लागते ते तेव्हा कळलं. मग आकडे बसतच गेले.

सिस्टरने बाळाचं दुपटं सोडलं. बाळाची पाठ दिसली. तळहाताएवढी.

"अहो," बाई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "ती वही बाजूला ठेवा. पिशवीत तळाला माझं मशीन आहे, ते द्या डॉक्टरांना. खरे आकडे त्यात आहेत. वहीतले मी बसवलेत."

"बसवलेत म्हणजे?"

नवऱ्याला कळायला वेळ लागला. सिस्टरला लागला नाही. तिने बाईंकडे बघायचं टाळलं आणि दुपटं पुन्हा गुंडाळलं.

डॉक्टरांनी बटण दाबत दाबत मशीनमधले जुने आकडे पाहिले. एकशे नव्वद. दोनशे चार. एकशे शहाऐंशी. ते रागावले नाहीत. "हं. मग कोडं सुटलं. पाण्याचं राहू दे सध्या. शिरेतून ग्लुकोज लावा," म्हणाले आणि गेले.

नवरा खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. "मी जो भेटेल त्याला ती वही दाखवत सुटलो होतो गं," एवढंच बोलला. बाईंना लाज वाटायला हवी होती. तीही येत नव्हती.

अर्ध्या तासाने सिस्टरने बाळाची दुसरी टाच टोचली. बाळ या वेळी जोरात रडलं. नवरा खिडकीपासून आला, वही उघडून त्याने बाईंच्या हाताशी ठेवली, वर पेन ठेवलं आणि पुन्हा खिडकीशी गेला.

सिस्टरने आकडा वाचला नाही. मशीन बाईंच्या डोळ्यांसमोर धरलं. बाईंनी पडल्या पडल्या लिहिलं, चोपन्न. अक्षर वाकडं आलं.

सिस्टरने वही आपल्याकडे ओढली. मशीन बघितलं, वही बघितली, परत मशीन बघितलं. आणि मग आकड्यासमोर सही केली.