पलीकडची चूल

रश्श्याचा वास आला आणि चिटणिसाचे पाय आपोआप बोळाकडे वळले. डोकं म्हणत होतं, परत फीर. पाय कुणाच्या बापाचं ऐकायला तयार नव्हते.

भर दुपार. दुकानांची शटरं अर्धी खाली, रस्त्यावर ऊन पेंगुळलेलं. त्याने एकदा मागे पाहिलं, घाम पुसायच्या निमित्ताने रुमालात तोंड लपवलं आणि मागच्या दाराने पलीकडच्या खानावळीत शिरला.

पलीकडची म्हणजे विरोधकांची. या गावात मत पेटीत पडतच नाही, ताटात पडतं. रस्त्याच्या अलीकडे आपल्या पक्षाचं कॅन्टीन, आपला किराणावाला, आपला पाववाला. पलीकडे त्यांचे. कोण कुठून पीठ आणतो यावर सोयरिकी जुळतात आणि मोडतात. गेल्या वर्षी पलीकडच्या दुकानाची पिशवी हातात दिसली म्हणून एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याला पक्षातून हाकललं. पिशवीत कांदे होते. कांद्याला कुठला पक्ष असतो, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. हाकला म्हणून पहिला हात वर केला तो आपल्या याच चिटणिसाने.

आणि तोच आता पडद्याआड, भिंतीकडे तोंड करून बसला होता.

मालकाने न विचारता ताट ठेवलं.

"सांगायच्या आधीच तयार?"

"आतून तयारच येतं, साहेब. तुमची पावलं ओळखीची झालीत."

मालक त्याला ओळखून होता, पण चारचौघांत कधी ओळख दाखवली नाही. भला माणूस. विरोधक असून भला, ही चिटणिसाची मोठीच अडचण होती.

त्याने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. रोज हेच व्हायचं. खोली विरघळायची. कुठलीशी दुसरीच खोली दिसायची, लहानशी, खिडकीतून ऊन आलेली. फळीवर नवीकोरी भांडी चमकायची. कुणीतरी समोर बसून तो जेवतोय की नाही ते बघतंय. चेहरा दिसायचा नाही. आई असेल, तो म्हणायचा. चव जिभेवरून कुठेतरी खोल उतरायची आणि तो वाफेसारखा हलका व्हायचा. सभा, घोषणा, भांडणं, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं मऊ.

पडद्यापलीकडे कुणी ठसकलं. "काय जाळ आहे रे रश्श्याला! कानातून धूर निघाला."

चिटणिसाला नवल वाटलं. त्याच्या पित्ताच्या पोटाला हा रस्सा फुंकर घातल्यासारखा लागायचा.

संध्याकाळी पक्षाच्या कचेरीत अध्यक्षांनी दार लावून घेतलं. उमेदवारीसाठी दोन नावं होती, चिटणीस आणि चष्मेवाला. दोघेही समोर बसले होते.

"आपला कुणीतरी बोळातून पलीकडे जेवायला जातो म्हणे," अध्यक्ष दात कोरत म्हणाले.

"कोण ते अजून कळलं नाही," चष्मेवाला म्हणाला. चष्मा पुसता पुसता तो चिटणिसाकडे बघून हसला. "कळेल."

"ते जाऊ दे. उद्या दुपारी त्यांची चूल फुटली पाहिजे. जो पुढे राहील त्याचं तिकीट पक्कं."

"पुढे मी," चिटणीस म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून, दुसऱ्याच कुणाचा आल्यासारखा वाटला.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. लग्नानंतर महिन्याभरातच त्याने तिला सांगितलं होतं, कार्यकर्त्याने कॅन्टीनमध्येच जेवायचं, लोक बघतात. ती भांडली, रडली, मग गप्प झाली. एकटीसाठी काय रांधायचं? हल्ली ती दुपारची मैत्रिणीकडे शिवणकामाला जायची. कुठली मैत्रीण, हे त्याने विचारलं नव्हतं. गावाचे प्रश्न सोडवणाऱ्याला घरचे प्रश्न दिसत नाहीत.

"पोट कसं आहे?" तिने विचारलं.

"छान आहे की. औषधसुद्धा सोडलं."

"बरं झालं."

"ऐक, उद्या दुपारी घराबाहेर पडू नकोस. पलीकडची खानावळ फोडायची आहे."

तिचा हात सदऱ्याच्या घडीवर थांबला. "मग जेवणाचं काय?"

"कुणाच्या?"

"तुमच्या. गडबडीत राहून जाईल."

"कॅन्टीन आहे ना!"

"हो, ते आहेच की," ती म्हणाली आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी ऊन तसंच पेंगुळलेलं होतं. घोळका रस्ता ओलांडून निघाला. पुढे चिटणीस. हातात काठी होती, पण ती स्वप्नातल्या काठीसारखी वजनाला लागत नव्हती. बाकडी उलटली, काचा फुटल्या, गिऱ्हाइकं पळाली. त्याला कशाचाच आवाज ऐकू येत नव्हता. फक्त वास येत होता. आज शेवटचा, त्याच्या मनात आलं.

मालक स्वयंपाकघराच्या दारात हात जोडून उभा राहिला. "आत नको, साहेब. तुम्ही तर नकोच."

"दादा, चूल राहिली!" मागून चष्मेवाला ओरडला. "की पाय उचलत नाही?"

चिटणिसाने मालकाला बाजूला ढकललं आणि दारावर लाथ घातली.

वाफेचा लोट अंगावर आला. तो सरला तेव्हा खिडकीच्या कठड्यावर एक वाढलेलं ताट दिसलं. शेजारी वेगळं छोटं पातेलं, त्यातला रस्सा फिक्या रंगाचा, बिनतिखटाचा. चुलीपाशी त्याची बायको पदर खोचून उभी होती. तिने हातातला डाव खाली ठेवला, त्याच्या काठीकडे पाहिलं, मग त्याच्या मागे गोळा झालेल्या सगळ्यांकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "आज पुढच्या दाराने आलात?"