डाग नसलेली तीस पानं

"तीस पानं हवीत, झेनोबियोकाका. कोवळी, स्वच्छ. डागाळलेलं, किडलेलं एकही नको, नाहीतर तपासणी फुकट जाईल." शहरातून आलेल्या वनस्पतितज्ज्ञ दोतोरा, म्हणजे डॉक्टर, इव्होनेनं दोर घट्ट धरत तिसऱ्यांदा बजावलं.

"मला काय पान कळत नाही होय?" म्हातारा हसला. "तुम्ही तुमचा गुडघा सांभाळा."

गुडघा कालच सुजला होता, म्हणून तर ती खाली राहिली होती. झेनोबियो हा काळा कातळ साठ वर्षं चढत होता. कातळाला चिकटून ब्रोमेलिया वाढलेल्या. जात अननसाची, पण एकेकीचा घेर बैलगाडीच्या चाकाएवढा, आणि पानं चाळीस-चाळीस.

ब्राझीलच्या या पट्ट्यातले निम्मे डोंगर ग्रॅनाइटसाठी फोडून झाले होते आणि शहरातल्या स्वयंपाकघरांत ओटे होऊन बसले होते. आता याची पाळी होती. पानांच्या तपासणीत इथल्या ब्रोमेलिया एकाच झाडाच्या बुडातून फुटलेले मुनवे निघाल्या, तर चार रोपं दुसरीकडे लावून डोंगर फोडायची परवानगी मिळणार होती. वेगवेगळ्या वंशाच्या निघाल्या, तर खाणवाल्यांनी सुरुंगाचं नावही काढायचं नाही. डोंगर गेला की पायथ्याचं झेनोबियोचं घर आणि कॉफीची बागही जाणार. सुनावणी महिन्यावर आली होती.

म्हातारा धुक्यात दिसेनासा झाला. दोर सरसर गेला आणि थांबला.

"एक!" वरून आवाज आला. "दोन!"

इव्होने आकडे लिहीत राहिली. दोर जवळपास हलत नव्हता. या वयात माणूस जपूनच पाऊल टाकणार, असं तिनं मनाशी म्हटलं. तरी "तीस!" ऐकू येईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता.

पानं हातभर लांब, हिरवीगार, एकावरही डाग नाही. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधलेली. इव्होने हरखली.

घरी झेनोबियोच्या बायकोनं, इरासीनं, कसाव्याच्या पिठाची धिरडी वाढली. अख्खी इव्होनेला, मोडकी नवऱ्याला.

"माझ्या नशिबी कायम तुकडेच," तो कुरकुरला.

"मग काय पाहुणीला वाढू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

तेवढ्यात दारात खाणीचा मुकादम अल्तामिरो जीपमधून उतरला. झेनोबियो बाहेर गेला, हळू आवाजात काहीतरी बोलला आणि परत येऊन पुन्हा जेवायला बसला. इव्होनेला ते खटकलं.

सुनावणीत अहवाल वाचला गेला. तीसही पानांचा वंश एकच, तिळमात्र फरक नाही. कंपनीच्या वकिलाला तोंड उघडावंच लागलं नाही. आठव्या दिवशी सुरुंग लावायचे ठरले.

त्या सकाळी इव्होने आली तेव्हा इरासी ट्रकमध्ये भांडी भरत होती. झेनोबियो दाराशी डोंगराकडे बघत बसला होता.

"खरं सांगा," ती म्हणाली. "अल्तामिरोनं काय दिलं तुम्हाला?"

म्हातारा पांढराफटक पडला. "त्याला हाकलला मी. सांगितलं, दोतोरा पानं घेऊन चालल्यात, आता विसर तुझी खाण."

"मग सगळी पानं एकसारखी कशी निघाली?"

कातळावर सुरुंगाचा भोंगा वाजला. इरासीनं कान झाकले.

"नाहीतर कशी निघणार?" झेनोबियोचे डोळे भरून आले. "अख्ख्या डोंगरातलं सगळ्यात देखणं झाड होतं ते, यंदा फुलणार होतं. तुमच्यासाठी पार बोडकं केलं मी त्याला. बाकीची काय, कुठलं तांबडं, कुठलं खुरटं, कुठलं ठिपक्याठिपक्यांचं, एकासारखं एक नाही. असली पानं शहरात पाठवून माझ्या डोंगराची अब्रू घालवू होय?"