लोकरीची खोली

सासूबाई कायमच्या राहायला येणार म्हणून तिने आपली विणकामाची खोली रिकामी केली. लोकरीचे गुंडे रंगांप्रमाणे खोक्यांत भरले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. वर्षभरात काय काय विणायचं, त्या बेतांची वहीही कोंबली. "सगळं माळ्यावर टाकू," नवरा म्हणाला. "आईला पसारा खपत नाही." तिने खोकी उचलून दाराशी रचली. दुपारी सासूबाई आल्या, त्या खोलीतल्या नव्या पलंगावर टेकल्या आणि दाराशी रचलेली खोकी पाहून म्हणाल्या, "हे कुठे निघालं?" "माळ्यावर," ती पुटपुटली. "आणि मी काय चार भिंतींशी बोलू? उघड ती खोकी!" भिंतीवरच्या रिकाम्या फळ्या पुन्हा लोकरीच्या रंगांनी भरल्या. सासूबाईंनी निळा गुंडा मांडीवर हातांत धरला आणि त्याचं टोक तिच्याकडे दिलं. "तू विण गं. शेजारी कुणी काही करत असलं, की माझा डोळा लागतो." खरंच लागला. ऊन खिडकीतून सरकत गेलं. ती विणत होती, आणि झोपलेल्या हातांत तो गुंडा हलकेच फिरत राहिला.