वहीतली निळी ज्योत

मगदूमांनी भट्टीच्या काचेतून पुन्हा पाहिलं. पायलटची, म्हणजे मोठा बर्नर पेटवणारी छोटी ज्योत निळी असायला हवी, ती आजही पिवळी दिसत होती. तरी सलग तिसऱ्या दिवशी त्यांनी तपासणीच्या वहीत ‘निळी’ असंच लिहिलं.

त्यांच्या थोरल्या भावाला आधी सगळं पिवळट दिसू लागलं होतं, मग दृष्टीच गेली. शिरोलीच्या या कारखान्यात मगदूम ज्योतीच्या रंगावरून बर्नरचं दुखणं ओळखत. डोळे गेले की कामही गेलं.

तेवढ्यात सुपरवायझर पटवेगारबाई येऊन काचेपाशी वाकल्या.

“मामा, वहीत निळी लिहिलंय. ही तर हळदीगत पिवळी आहे की!”

“तुम्हांलाबी पिवळी दिसतीय?”

“मग! तुम्हांला दिसत न्हाई व्हय?”

“तीन दिस झालं दिसतीय,” मगदूम मटकन स्टुलावर बसले. “मला वाटलं, माझं डोळंच चाललं.”

“आणि म्हणून खोटं लिहिलं? धन्य आहे तुमची!”

बाईंनी गॅस बंद करायला लावला. भट्टी निवल्यावर मगदूमांनी पायलटची नळी सोडवली. हवेच्या भोकात कोळ्यानं जाळं विणलं होतं. ते काढून त्यांनी पायलट पुन्हा पेटवला. ज्योत निळीशार, सरळ उभी राहिली.

मगदूमांनी वहीतल्या तिन्ही ‘निळी’ खोडून ‘पिवळी’ लिहिलं आणि पुढं सह्या केल्या.

“मेमो देणार आहे मी तुम्हांला,” बाई अजून तापलेल्याच होत्या.

“द्या की,” मगदूम हसले. “डोळं शाबूत हायत, वाचाय येतोय मला.”