हुंकारी

लाईट सकाळपासून गेलेली होती आणि रामप्रसाद इतिहासावर नाराज होते.

"एवढा मोठा राजा," बाजेवर पडल्या पडल्या ते म्हणाले, "बारा तास ऐकून राह्यलो त्याचं. लढाया केल्या, किल्ले घेतले, तह मोडले. पण जेवला एकदाबी न्हाई."

दैवशालाबाई उंबऱ्यापाशी बाजरी निवडत होत्या. "मंग मेला कशानं?"

"दग्यानं. इतिहासात कोणाला साधा ताप येतच न्हाई."

वडीगोद्रीच्या त्या दोन खोल्यांत रोज असा एखादा निकाल लागायचा. रामप्रसादांची नोकरी अंबडच्या कोर्टात पुकारा करण्याची. जन्मभर लोकांची नावं त्यांनी ओरडायची आणि निकाल मात्र आत बसून साहेबांनी द्यायचा. काचबिंदूनं डोळे गेले तेव्हा मुलीनं, अर्पितानं, मोबाइलमध्ये बोलणारी पुस्तकं भरून दिली आणि निकाल द्यायची हौस म्हातारपणी का होईना फिटली. समाजावरची पुस्तकं त्यांना पटायची, वाचणारा पटायचा नाही. "उपासमारीचं सांगून राह्यला अन् आवाज कसा, तूप प्याल्यावानी." कादंबऱ्यांवर तर खास राग. "नवरा-बायको बोलत्यात किती! एवढं बोलणारी माणसं मी कोर्टात बी पाह्यली न्हाईत."

पण पुस्तक कुठलंही असो, ते हुंकारी द्यायचे. ही खोड लहानपणची. श्रावणात मारुतीच्या देवळात त्यांचे वडील पोथी वाचायचे आणि ओवी संपली की 'हूं' म्हणायचं काम पोराकडे. वडिलांचा कायदा कडक होता. हुंकारी म्हणजे कबुली नव्हे, ऐकणारा जागा आहे एवढीच खूण. हुंकारी थांबली की पोथी तिथंच मिटायची, मग पुढं देव संकटात असला तरी. ती पोथी गेली, देऊळ पाडून नवं झालं. रामप्रसाद कानांत नळ्या घालून मोबाइलला हूं म्हणत राहिले. म्हातारा हल्ली सगळ्यांचं ऐकायला लागला, असं शेजारी म्हणायचे.

दैवशालाबाईंना त्या हूंचा मोठा आधार झाला होता. तोंडावर जे सांगता यायचं नाही ते त्या नवऱ्याच्या कानांत नळ्या असताना सांगायच्या. भावजयीचं भांडण, शेळी विकल्याचं, कधी नुसताच राग. पलीकडून बराबर हूं यायचं. मन हलकं व्हायचं आणि घरात कोणाला पत्ता लागायचा नाही.

आज त्यांनी बाजरीचा डबा फळीवर ठेवला आणि बाजेच्या पायथ्याशी येऊन बसल्या. रामप्रसादांच्या कानांत नळ्या होत्या, तोंड पत्र्याकडे.

"परवा अंबडला गेल्ते ना, ते बाजाराला न्हाई गेल्ते."

"हूं."

"काखंजवळ गाठ हाय. दिवाळीच्या आधीपासून हाय."

"हूं."

"डाक्टरीण खवळली माझ्यावर. म्हणली, आत्ताशी येताव व्हय? संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात जा, जल्दी जा."

हूं आलं, पण जरा उशिरा. पुस्तकात काहीतरी अवघड चालू असावं.

"तिथं एकदा जाऊन भागत न्हाई म्हणं. महिनोन्‌महिने चकरा. केस जात्यात. मंग तुमच्या डोळ्यात थेंब कोण टाकंल? चहा करायला जाल अन् घर पेटवून बसाल." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "मी ठरवलं. जात न्हाई. अर्पीला बी सांगत न्हाई."

एवढ्यात लाईट आली. पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. दैवशालाबाई उठल्या, सवयीनं उशाचा मोबाइल उचलून चार्जरला लावला. काच काळी होती. बराच वेळ काळीच राहिली. मग तिच्यावर रिकाम्या बॅटरीचं लाल चित्र उगवलं.

त्यांचा हात बटणावरच राहिला.

"ह्यो कधी बंद पडला?"

"राजा मेला तवाच," रामप्रसाद म्हणाले.

बाहेर हायवेवरून उसाचा एक ट्रक गेला. फळीवरचे डबे थरथरले आणि थांबले. दैवशालाबाई परत बाजेच्या पायथ्याशी येऊन बसल्या. प्रत्येक पुस्तक संपल्यावर विचारायच्या तेच त्यांनी विचारलं.

"मंग? कसं वाटलं?"

रामप्रसादांनी नळ्या कानांतून काढल्या नाहीत.

"बाई बराबर हाय. अशा आसत्यात. पण ते थेंबाचं कारण बिलकुल पटलं न्हाई. थेंब काय, कोणी बी टाकतं. लिहिणाऱ्याला तिला मारायची लय घाई झालेली दिसती."

"लिहिलंय ते लिहिलंय. तुम्ही गुमान ऐका." त्यांनी पाठ ताठ केली आणि पोथी वाचावी तसं एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "तर मंग तिनं ठरवलं, जात न्हाई."

पंखा फिरत होता.

त्या थांबल्या. मान जरा पुढं करून त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे उघडे होते, पत्र्याकडे लागलेले.

"जात न्हाई," त्या पुन्हा म्हणाल्या, थोड्या मोठ्यानं.

रामप्रसादांनी खालचा ओठ दातांत घट्ट धरला होता.